मडक्यातले अठरा दिवस

दिवाळीनंतरच्या टपालात यंदा बजी या पाळीव पक्ष्याविषयीची पत्रे इतकी आली, की एरवी मासे, मांजरे आणि कासवे यांच्यात वाटली जाणारी या सदराची जागा या महिन्यात सगळीच्या सगळी बजीला द्यावी लागली. याचे कारण ऋतूत आहे. पावसाळ्यातली कोंदट ओल ओसरली आणि ऑक्टोबरचा उकाडा मागे पडला, की मुंबईतल्या पिंजऱ्यांत टांगलेल्या मडक्यांना रहिवासी मिळतात, आणि पाठोपाठ घरातल्या माणसांना काळजी लागते. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

उत्तरांकडे वळण्याआधी एक खुलासा करतो. बऱ्याच पत्रांत या पक्ष्याला 'लव्हबर्ड' म्हटले आहे. मुंबईच्या बाजारात हे नाव रूढ असले, तरी खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, निराळाच पोपट आहे; बजी, म्हणजे बजरिगर, हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात थव्याने भटकणारा पक्षी असून १८४० साली इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेल्यानंतर तो जगभर घरोघरी पाळला जाऊ लागला. नावाची ही गल्लत निरुपद्रवी नाही. लव्हबर्डची अंडी उबायला सुमारे २३ दिवस लागतात आणि तो घरट्यासाठी कागदाच्या व सालींच्या पट्ट्या ओढून नेतो. बजीची अंडी साधारण १८ दिवसांत उबतात आणि तो घरटे म्हणून एक काडीही रचत नाही, नुसती अंधारी पोकळी त्याला पुरते. एकाची माहिती वाचून दुसऱ्याची वीण सांभाळायला गेलेल्या दोघा वाचकांनी मडक्यात गवत कोंबले होते, आणि मादीने ते रात्रभर खपून बाहेर फेकले, असे दोघांनीही तक्रारीच्या सुरात कळवले आहे. मादीचे बरोबर होते.

प्रश्न : आमच्या मादीने २ नोव्हेंबरला पहिले अंडे घातले आणि एक दिवसाआड घालत १० तारखेपर्यंत पाच अंडी झाली. दुसरे अंडे आल्यावर ती बसू लागली. काल, म्हणजे २२ तारखेला, दोन पिल्ले बाहेर आली. उरलेली तीन अंडी तशीच आहेत. १८ दिवसांत पिल्ले येतात असे ऐकले होते, आणि पहिल्या अंड्याला तर २० दिवस लागले. मी रोज मडक्यात हात घालून अंडी मोजत होते, त्यामुळे ती 'बाटली', असे सासूबाईंचे म्हणणे आहे. अंडी काढून टाकावीत का?
– एक गृहिणी, लालबाग

उत्तर : मुळीच काढू नयेत. पत्रात आपण दूरध्वनी क्रमांक दिला होता, म्हणून हे आपल्याला त्याच दिवशी तोंडी कळवले. इथे ते इतरांसाठी सविस्तर देत आहे.

आपण इतक्या नीट तारखा लिहिल्या आहेत, की उत्तर त्यांतच आहे. १८ दिवस मोजायचे ते मादी अंड्यांवर नेटाने बसली त्या दिवसापासून. आपली मादी ४ तारखेला, दुसरे अंडे आल्यावर बसली. तोवर पहिले अंडे थंडच होते आणि आत काही घडत नव्हते. म्हणून पहिली दोन्ही पिल्ले एकाच दिवशी, २२ तारखेला बाहेर आली. पुढची तीन अंडी ६, ८ आणि १० तारखेची आहेत, तेव्हा त्यांची पिल्ले अनुक्रमे २४, २६ आणि २८ तारखेच्या आसपास येतील. एखादा दिवस मागेपुढे होतो. शेवटच्या अंड्याला त्याच्या तारखेनंतर आणखी चार-पाच दिवस द्यावेत आणि मगच ते काढावे. न उबलेले अंडे मडक्यात राहिले म्हणून बिघडत नाही. उलट पहिल्या आठवड्यात, मान उचलण्याचेही बळ नसलेली पिल्ले त्या अंड्यांना टेकून बसतात.

अंडे फळले आहे की नाही, हे उबवणीच्या सहाव्या-सातव्या दिवशी समजते. मादी दाणे खायला बाहेर आली, की खोलीत थोडा अंधार करून अंडे दोन बोटांच्या चिमटीत अलगद धरावे आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्या रुंद टोकाशी लावावा. बजीचे अंडे जेमतेम दोन ग्रॅमचे असते, त्यामुळे चिमूट किती हलकी हवी याचा अंदाज आपल्याला येईल. फळलेल्या अंड्यात एक गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या तांबड्या रेषांचे जाळे दिसते. नजर स्थिर ठेवली, तर तो ठिपका धडधडतानाही दिसतो. वांझ अंडे पिवळसर, स्वच्छ, दिव्यासारखे उजळते. तांबूस कडे उरले असेल, तर आतला जीव सुरुवातीलाच गेला असे समजावे. बाराव्या-तेराव्या दिवसानंतर अंडे जवळजवळ काळे दिसते, फक्त रुंद टोकाशी हवेची उजळ पोकळी राहते. त्यानंतर टॉर्च लावून नवे काही कळत नाही. ही तपासणी एकदाच करावी. पिल्लू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी अंडे कानाशी नेल्यास आतून बारीक चिवचिव ऐकू येते, आणि कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू मोकळे व्हायला चांगला दिवसही लागू शकतो. त्या दिवशी नखाने कवच सोलून 'मदत' करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या वेळी आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात.

आता सासूबाईंचे म्हणणे. माणसाचा हात लागल्याने अंडे बाटत नाही आणि माणसाच्या वासाने बजी अंडी टाकत नाही. मात्र त्या अर्ध्या बरोबर आहेत. रोज हात आत गेला, की मादी दचकून उठते, उठताना तिच्या नख्यांनी अंड्याला सुईएवढे भोक पडते, आणि तेवढ्याने ते आतून सुकते. मी स्वतः शाळेत असताना गिरगावातल्या चाळीत पहिली वीण याच उतावळेपणाने घालवली आहे. रात्री दहा वाजता मी विजेरी घेऊन मडक्यात डोकावलो, मादी घाबरून अंधारात उडाली, पिंजऱ्याच्या जाळीला रात्रभर लटकून राहिली, आणि सकाळपर्यंत चार अंडी गार झाली. अंधारात बजीला मडक्याचे तोंड सापडत नाही, हे मला त्या रात्री कळले. म्हणून पाहायचेच असेल, तर दिवसा, ती आपणहून बाहेर आल्यावर, मडक्यावर बोटाने हलकेच टकटक करून पाहावे. आणि रात्री खोलीत झीरोचा दिवा तेवत ठेवावा.

प्रश्न : नातवंडांच्या हौसेखातर मे महिन्यात बजीची जोडी आणली. 'तयार जोडी आहे, मडके लावा,' असे विकणाऱ्याने सांगितल्यावरून लगेच मडके लावले. जून अखेरीस मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसली. तिची शेपटी श्वासागणिक वरखाली होत होती. थंडी वाजली असावी असे समजून आम्ही पिंजऱ्यावर कापड टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेलेली आढळली. डॉक्टरांनी पोटात अंडे अडकल्याचे सांगितले. चूक कोठे झाली? नर एकटा पडला आहे. नवी मादी आणावी का?
– एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले. आपण निष्काळजीपणा केला असे मला वाटत नाही. 'तयार जोडी' या दोन शब्दांवर विश्वास ठेवला, इतकेच.

बजी चार-पाच महिन्यांत अंडी घालण्याइतकी वयात येते, पण तिची हाडे आणि अंडवाहिनीचे स्नायू त्या कामाला पुरेसे घडायला वर्ष लागते. वर्षाच्या आत मडके लावू नये, आणि चार वर्षांपुढच्या मादीलाही ते देऊ नये. मादीचे वय विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा पक्ष्यालाच विचारावे. कोवळ्या बजीच्या कपाळावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत उतरलेल्या असतात. तीन-चार महिन्यांच्या वयात पहिली पिसे झडली, की कपाळ मोकळे होते. कोवळ्या पक्ष्याचा डोळा संपूर्ण काळा असतो, पुढे बुबुळाभोवती फिकट कडे उमटते. चोचीवरचा नाकपुड्यांचा मांसल भाग, ज्याला पाळणारे नुसते 'नाक' म्हणतात, तो प्रौढ नरात गडद निळा आणि विणीला आलेल्या मादीत तपकिरी, खरखरीत होतो. फिकट निळसर नाक आणि नाकपुड्यांभोवती पांढरे कडे असेल, तर ती मादीच आहे, पण अद्याप विणीला आलेली नाही. पांढऱ्याशुभ्र आणि पिवळ्याधमक, लाल डोळ्यांच्या बजीत नराचे नाक आयुष्यभर गुलाबी-जांभळेच राहते, त्यामुळे तिथे हा नियम लावताना भले भले फसतात.

वयाइतकेच कॅल्शियम महत्त्वाचे. अंड्याचे कवच कॅल्शियमचे असतेच, शिवाय अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही ते लागते. ते कमी पडले, तर अंडे मऊ कवचाचे होते आणि ढकलण्याचा जोरही उरत नाही. मुंबईत याची सोय सोपी आहे. माकूल जातीच्या सागरी जिवाच्या पाठीतली पांढरी, हलकी पट्टी, म्हणजेच काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेन, पिंजऱ्याला तारेने बांधून ठेवावा. पक्ष्यांच्या दुकानात तीच वस्तू 'कटलबोन' म्हणून जास्त किमतीला मिळते. पण खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवे, आणि खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामाचे नाही, कारण त्यातले अतिनील किरण काच अडवते. सरकत्या खिडक्यांच्या बंद फ्लॅटात वाढलेल्या मादीला म्हणूनच सकाळचे अर्धा-पाऊण तास उघडे ऊन, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून, रोज मिळाले पाहिजे.

जी लक्षणे आपण लिहिली आहेत, ती पाठ करून ठेवावीत अशीच आहेत: तळाशी बसणे, फुगणे, शेपटी हलणे, जोर करूनही विष्ठा न होणे. अशी मादी दिसताच तिला लहान पिंजऱ्यात घेऊन एका बाजूला दिव्याच्या बल्बने ऊब द्यावी, सुमारे ३० अंश सेल्सिअस पुरते. दुसरी बाजू थंड राहू द्यावी, म्हणजे तिला हवे तिथे सरकता येईल. जवळ गरम पाण्याचे भांडे ठेवून हवेत दमटपणा आणावा. पोट दाबू नये, अंडे आत फुटले तर ती वाचत नाही. एरंडेल पाजण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो, तोही ऐकू नये. तासाभरात फरक न दिसल्यास पक्ष्यांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय सर्वांना ठाऊक आहेच. कॅल्शियमचे इंजेक्शन वेळेवर मिळाले, तर पुष्कळ माद्या सुटतात. उद्या सकाळी पाहू, एवढा अवधी या दुखण्यात नसतो.

नवी मादी जरूर आणावी. बजी हा थव्यातला पक्षी आहे, एकटा नर झुरतो. मात्र ती वर्षापुढची असावी, तिला पहिले ३० दिवस दुसऱ्या खोलीत वेगळे ठेवावे, आणि मडके पुढच्या पावसाळ्यानंतरच लावावे.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. आमच्या बजीला तीन पिल्ले झाली आहेत. मोठे सहा दिवसांचे आहे. त्यांना अजिबात पिसे नाहीत आणि डोळेही बंद आहेत. मला ती माझ्या हातावर बसणारी करायची आहेत. मैत्रीण म्हणते की आत्तापासून मी स्वतः सिरिंजने भरवले, तरच ती माणसाळतील. कसे भरवू?
– एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : भरवू नकोस. तुझ्या मैत्रिणीने सांगितले ते पूर्ण चुकीचे नाही, पण तुझ्या पिल्लांना आई आहे, बाप आहे, आणि दोघे कामाला लागलेले आहेत.

ते काम कसे चालते ते नीट पाहा, म्हणजे सिरिंज का नको ते समजेल. मादी मडक्याबाहेर क्वचितच येते. नर दाणे खातो, मडक्याच्या तोंडाशी जाऊन ते उलटून मादीच्या चोचीत देतो, आणि मादी ते पिल्लांना देते. पहिले काही दिवस ती दाणे देतच नाही. तिच्या पोटात तयार होणारा दुधासारखा पातळ, प्रथिनांनी भरलेला रस देते. नंतर त्यात हळूहळू दाण्यांचा लगदा मिसळू लागतो. मडक्यात वेगवेगळ्या वयाची पिल्ले असली, की आई सर्वांत लहानाला पातळ आणि मोठ्याला घट्ट असे वेगवेगळे भरवते. हे आपल्याच्याने होणार नाही. तुझ्या सहा दिवसांच्या पिल्लाची मान खालून पाहिलीस, तर पारदर्शक कातडीतून गळ्याची फुगलेली पिशवी दिसेल आणि तिच्यात राळ्याचे पिवळे दाणे एकेक मोजता येतील. ती पिशवी संध्याकाळी भरलेली असणे, एवढेच तुला तपासायचे आहे. सिरिंजने दिलेले खाणे थोडे थंड झाले तर त्याच पिशवीत आंबते, जास्त गरम झाले तर पिशवी आतून भाजते, आणि चुकून श्वासनळीत गेले तर पिल्लू तुझ्या हातातच जाते.

माणसाळवण्याची वेळ पुढे येणार आहे. दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतील. दुसऱ्या आठवड्यात राखाडी लव येईल, तिसऱ्या आठवड्यात पिसांचे काटे फुटून पिल्लू साळिंदरासारखे दिसेल, आणि त्याच सुमारास, आई बाहेर असताना, एकेक पिल्लू धुतलेल्या, कोमट हातात पाच मिनिटे घ्यायचे, त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे आणि परत ठेवायचे. चौथ्या आठवड्यात दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. महिनाभराने, ३० ते ३५ दिवसांची झाल्यावर, ती मडक्याबाहेर येतील. तेव्हा ती तुझ्या बोटाला फांदी समजून चढतील. बाहेर आल्यावरही आठवडाभर बाप त्यांना भरवतो, म्हणून त्याला लगेच वेगळा करू नकोस. पिल्लू स्वतः दाणा सोलून साल खाली टाकू लागले, की ते सहा आठवड्यांचे, स्वतंत्र झाले.

तोवर भरवायचेच असेल, तर आईबापांना भरव. नेहमीचा राळा आणि बाजरी, शिवाय सकाळी उकडलेल्या अंड्याचा कुस्करा, मोड आलेली बाजरी, कोवळ्या मक्याचे कणीस, धुतलेली कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला. ही ओली वाटी दोन तासांत काढून घ्यायची. दादरच्या हवेत ती त्याहून जास्त टिकत नाही.

प्रश्न : तीन आठवड्यांच्या एका पिल्लाचे दोन्ही पाय बाजूला फाकलेले आहेत आणि ते पोटावर सरपटते. बाकीची दोन ठीक आहेत. आम्ही सुताराकडून मडक्याऐवजी लाकडी पेटी करून घेतली होती.
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : दोष बहुधा पेटीच्या तळात आहे. सुतार पेटीचा तळ सपाट आणि रंधा मारून गुळगुळीत करतो. बजीला तो खोलगट आणि खरखरीत हवा. सपाट तळावर अंडी गडगडतात आणि पिल्लांचे पाय घसरून बाहेरच्या बाजूला वळतात. आईने फार दाबून बसल्यानेही असे होते, कॅल्शियम कमी पडल्यानेही होते. मडक्याचा गोल तळ हा दोष मुळातच टाळतो, फक्त त्यात दोन बोटे जाडीचा लाकडाचा भुसा घालावा. भुसा साध्या लाकडाचा, खडबडीत असावा, प्लायवूडचा नसावा, कारण त्यात डिंक आणि रसायने असतात. तीन आठवड्यांच्या पिल्लाची हाडे अजून थोडी लवचिक असतात. दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर आणून मऊ पट्टीने एकमेकांना सैलसर बांधण्याचा उपाय आहे, पण पहिली पट्टी डॉक्टरांकडूनच बांधून घ्यावी आणि त्याला या आठवड्यापलीकडे उशीर करू नये. एक महिन्यानंतर पाय वळत नाहीत. असे पिल्लू पुढेही जगते, फक्त त्याला दांड्याऐवजी रुंद फळी लागते.

प्रश्न : पिल्ले चार आठवड्यांची असताना मादी त्यांच्या पाठीची आणि मानेची पिसे उपटते आहे, एकाला रक्त आले. तिने त्याच मडक्यात पुन्हा अंडेही घातले आहे. ती वेडी झाली आहे का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : तिला दुसरी वीण करायची घाई झाली आहे, आणि जागा अडवून बसलेली पहिली पिल्ले तिला नकोशी झाली आहेत. पिल्लांना आजच मडक्यातून काढून त्याच पिंजऱ्यात तळाशी एका उथळ, अर्ध्या झाकलेल्या खोक्यात ठेवावे. नर त्यांना खाली येऊन भरवतो. ती तिथेही त्यांच्यावर धावून गेली, तर पिल्ले आणि नर यांचा दुसरा पिंजरा करावा. रक्त आलेल्या पिल्लाला एकटे ठेवू नये, पण जखम उघडी असेल तर बाकीचे पक्षी ती टोचत नाहीत ना, हे पाहावे. उपटलेली पिसे काही आठवड्यांत परत येतात.

वर्षात दोन विणी पुरेत. तिसऱ्या विणीला मादीची हाडे किंमत मोजतात. एका पिंजऱ्यात अनेक जोड्या ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: बजीच्या माद्या मडक्यावरून जीव जाईस्तोवर भांडतात. जोड्यांच्या दुपटीने मडकी, सर्व एकाच उंचीवर, आणि जोडीदाराशिवायची एकही जादा मादी नको.

प्रश्न : मांजराच्या भीतीने मादी पिंजऱ्याच्या जाळीवर आपटून मेली. मागे पाच फळलेली अंडी आहेत. ऑनलाइन छोटे इन्क्युबेटर मिळतात, घ्यावा का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : पाचपैकी चार अंडी इन्क्युबेटरमध्ये उबतीलही. तापमान ३७.५ अंशांच्या जवळ राखले आणि अंडी दिवसातून अनेकदा फिरवली, की अंड्याचे काम होते. अडचण एकोणिसाव्या दिवशी सुरू होते. दीड-दोन ग्रॅमचे, आंधळे पिल्लू दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, भरवावे लागते, आणि सुरुवातीचा तो दुधासारखा रस कोणत्याही पुडीत मिळत नाही. अनुभवी लोकांच्या हातूनही अशी पिल्ले पहिल्या आठवड्यात जातात. त्यापेक्षा ओळखीत कोणाकडे याच सुमारास अंड्यांवर बसलेली मादी असेल, तर अंडी कापसात गुंडाळून, उबदार डब्यातून तिच्याकडे न्यावीत. बजी परकी अंडी मुकाट्याने उबवतात. तारखा चार-पाच दिवसांहून अधिक चुकत असतील तर मात्र लहान पिल्ले मोठ्यांखाली चेंगरतात.

प्रश्न : आम्ही चाळीत राहतो. पिंजरा गॅलरीत ठेवावा की घरात? घरात दमेकरी आजी आहेत. शिवाय पोपट पाळणे गुन्हा आहे असे शेजारी म्हणतात.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे आपल्या देशी पोपटापुरते खरे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राघू पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे. बजी परदेशी आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच पैदास झालेला पक्षी असून बहुतेक सर्व पोपट ज्या आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनाच्या यादीत आहेत, तिच्यातूनही तो वगळलेला आहे.

आजींना दमा असल्यास पिंजरा घरात नकोच. पक्ष्यांच्या पिसांचा आणि वाळलेल्या विष्ठेचा धुरळा त्यांना सोसणार नाही. तळाचा कागद रोज बदलावा आणि तो ओला करून मगच गुंडाळावा. घरात कोणाला ताप आणि कोरडा खोकला रेंगाळला, तर आपण पक्षी पाळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होणारा फुप्फुसांचा एक संसर्ग असतो आणि विचारल्याशिवाय तो कोणाच्या लक्षात येत नाही. गॅलरीत ठेवायचे तर कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत येईल असे, कावळा-मांजराचा पंजा जाळीतून आत जाणार नाही आणि उंदीर खालून चढणार नाही अशी टांगणी करावी. गॅलरीशेजारीच स्वयंपाकघर असल्यास नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये; त्याच्या थरातून निघणारा, आपल्याला जाणवतही नाही असा वायू बजीला काही मिनिटांत मारतो. डासांची कॉइल आणि धुपाचा धूर यांनाही तोच नियम.

प्रश्न : दोनाचे वर्षात अकरा झाले आहेत. आमची खोली १८० चौरस फुटांची आहे. नर-माद्या वेगळ्या केल्या तरी एका मादीने अंडी घातलीच. काही पक्षी राणीच्या बागेजवळ किंवा आरेत सोडून द्यावेत असा विचार आहे.
– एक वाचक, परळ

उत्तर : सोडू नयेत. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला अन्न शोधता येत नाही, लपता येत नाही, आणि हिरव्या-पिवळ्या रंगाचा एकटा बजी कावळ्यांना लांबून दिसतो. तो दुपारही पाहत नाही. आपण जे स्वातंत्र्य म्हणून देऊ पाहता, ते साधारण तीन-चार तासांचे असते.

अकरा पक्ष्यांना घरे शोधावी लागतील, आणि ती मडके टांगण्याआधीच शोधायला हवी होती, हे मी आपल्याला ऐकवतो आहे याचा राग मानू नये. जोडी-जोडीने द्यावे, पिंजऱ्याची रुंदी विचारून द्यावे, आणि घेणाऱ्याला सोबत मडके देऊ नये. मादी नराशिवायही वांझ अंडी घालते. ती लगेच काढली, तर उणीव भरून काढायला पुन्हा घालते. म्हणून अंडी पाच-दहा मिनिटे उकळून, गार करून, पुसून तिच्याखाली परत ठेवावीत आणि तिला तीन आठवडे त्यांच्यावर बसू द्यावे. ती कंटाळून उठली, की त्याच दिवशी अंडी आणि मडके दोन्ही काढावे, ओला खाऊ बंद करावा, आणि संध्याकाळी सातनंतर पिंजऱ्यावर कापड टाकून दिवस लहान करावा. मोठा दिवस आणि मऊ खाणे हीच तिला विणीची हाक असते. मडके आतून घासून, उकळते पाणी ओतून, दोन दिवस गच्चीवरच्या उन्हात वाळवावे आणि कागदात गुंडाळून माळ्यावर, नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवून द्यावे.